अपघाताचा पहिला कागद

उसाचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात प्लास्टरचा साठा वाढवून ठेवावा लागतो, असे मी गमतीने म्हणतो. पण त्यात गंमत थोडी आणि खरे जास्त आहे. मागे दिवा नसलेली ट्रॉली, डांबर उखडलेले वळण, फाट्यावर वाटेल तिथे थांबणारी जीप आणि अंधारात दुधाच्या किटल्या लावून निघालेली मोटारसायकल या सगळ्यांची गाठ पडते, आणि मग पहाटे आमच्या दाराची बेल वाजते.

अपघात झाल्यावर जखमीला कसे उचलावे, रक्त कसे थांबवावे, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यावा हे या सदरात आपण पूर्वी पाहिले आहे. आज त्याच अपघाताच्या दुसऱ्या दुखण्याविषयी लिहीत आहे. हे दुखणे एक्स-रेमध्ये दिसत नाही. प्लास्टर निघते, टाके सुकतात, पण दवाखान्याचे कर्ज, बुडालेली मजुरी आणि कायमचे राहिलेले अपंगत्व घरात ठाण मांडून बसते. त्यावर कायद्याने उपाय ठेवलेला आहे, त्याला नुकसानभरपाई म्हणतात. ती मिळवायची तर त्याची सुरुवात कोर्टात होत नाही, दवाखान्यातल्या पहिल्या कागदापासून होते.

काही वाचक विचारतील, कोर्टकचेरीचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला? त्याचे उत्तर म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

माझ्या सहीचा कागद

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास बत्तीस वर्षांच्या एका तरुणाला त्याच्या थोरल्या भावाने आणि आणखी दोघांनी उचलून आणले. घरच्या तीन म्हशी, शिवाय वाडीतल्या चार घरांचे दूध गोळा करून तो गावातल्या संकलन केंद्रावर घालत असे. मागून आलेल्या जीपने धडक दिली होती. उजव्या पायाच्या नडगीचे हाड गुडघ्याच्या सांध्यापाशीच फुटले होते. मी सलाईन लावले, वेदना कमी होण्याचे इंजेक्शन दिले, पायाला आधार बांधला आणि केसपेपर लिहायला घेतला. तेवढ्यात थोरला भाऊ जवळ आला.

"डॉक्टरसाहेब, जीपचं काही लिहू नका. गाडी भावकीतल्याच माणसाची आहे. तो सगळा खर्च करायला तयार आहे. घसरून पडला म्हणून लिहा, म्हणजे पोलिसांचं लचांड नको."

मी रुग्णाकडे पाहिले. त्यानेही मान हलवली. आणि मी लिहिले, 'मोटारसायकल घसरून पडल्याने दुखापत.' वाहनाच्या धडकेतली जखम असेल तर ती पोलिसांना कळवणे, म्हणजे एम.एल.सी. करणे, हे माझे काम होते. पण रुग्णाची इच्छा आहे, गावातले संबंध आहेत, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. तीच चिठ्ठी घेऊन त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. माझी चिठ्ठी पाहून तिथेही 'घसरून पडल्याने' असेच उतरवले गेले.

पट्टी आणि स्क्रू बसवण्याचे ऑपरेशन झाले. जीपमालकाने शब्दाप्रमाणे बिल भरले आणि वर वीस हजार रुपये दिले. पण दोन महिन्यांनी जखमेतून पू येऊ लागला. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा महागडी औषधे. जीपमालक म्हणाला, "मी माझं दिलं. आता माझ्याकडे काही नाही." त्याचेही फार चुकले असे म्हणता येत नाही, तोही कर्जावर गाडी चालवणारा माणूस.

अकरा महिन्यांनी तो तरुण काठी टेकत माझ्याकडे आला. गुडघा निम्माच वाकत होता. उकिडवे बसता येत नाही म्हणून धार काढता येत नव्हती, आणि भरलेल्या किटल्यांची मोटारसायकल पायावर तोलता येत नव्हती. तो म्हणाला, "साहेब, तेवढं जीपचं लिहून द्या. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला ठाऊक होते, पण जुन्या केसपेपरमध्ये नंतर फेरफार करणे हा गुन्हा आहे. मी त्याला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. तिथल्या वकिलांनी शांतपणे सगळे कागद पाहिले. फिर्याद नाही, पंचनामा नाही, जीप केव्हाच दुरुस्त झालेली, अर्जाची मुदत टळलेली आणि दोन दवाखान्यांच्या कागदांवर 'घसरून पडल्याने' असा स्पष्ट शेरा. खरे काय घडले ते कोर्टात सांगण्याची माझी तयारी होती. पण वकील म्हणाले, "विमा कंपनी तुमचाच कागद तुमच्यापुढे धरील." दावा दाखलच झाला नाही. घरच्या तीनपैकी दोन म्हशी विकून त्याने कर्ज फेडले.

त्या कागदावर सही माझी होती. म्हणून हा लेख.

भरपाई देतो कोण?

या प्रकरणात सर्वांचा एक गैरसमज झाला होता, आणि तो आपल्याकडे घरोघर आहे. आपण दावा केला की समोरच्याचे घरदार विकले जाईल, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात मोटार वाहन कायदा १९८८ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला 'त्रयस्थ व्यक्तीचा विमा', म्हणजे लोक ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तो, सक्तीचा आहे. गाडीचा विमा चालू असेल आणि चालकाचा परवाना वगैरे व्यवस्थित असेल, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनी भरते. गाडीमालक दरवर्षी हप्ता भरतो तो याचसाठी. भावकीतल्या माणसाचे वीस हजार घेऊन आपण त्याच्यावर उपकार केले असे त्या तरुणाला वाटत होते. खरे तर उपकार झाले ते विमा कंपनीवर.

चालकावर गुन्हा नोंदला जातो, हे खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण गुन्ह्याचा खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. खटल्यात शिक्षा देण्यासाठी गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात मात्र कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. त्यामुळे खटल्यात चालक सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही. विमा नसलेली गाडी असेल, तर जबाबदारी मालकावर येते. म्हणून वाचकहो, आपल्या गाडीचा विमा संपला असेल तर तो आजच भरा.

पहिला तास, पहिला दिवस

आधी जीव, मग कागद, हा क्रम कधीही चुकवू नये. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'सुवर्ण तास' म्हणतात, आणि ही कल्पना आता कायद्याच्या व्याख्येतही आली आहे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस व तातडीची मदत मिळते. डोक्याला मार लागलेला माणूस थोडा वेळ शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो, कारण कवटीच्या आत रक्त साठत असते. पोटाला मार लागून प्लीहा फाटली असेल तर वरून ओरखडाही दिसत नाही. म्हणून 'मला काही झालं नाही' म्हणून घरी जाऊ नये. ओकारी, गुंगी, वाढती डोकेदुखी, पोटात दुखणे, छाती भरून येणे यांपैकी काही झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

मदत करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सज्जन माणसाला त्रास देऊ नये, नाव सांगण्याची किंवा थांबण्याची सक्ती करू नये, याविषयीच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने हे संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. पोलिसांची वाट पाहत किंवा आधी पैसे भरा म्हणत तातडीचा उपचार कोणत्याही डॉक्टरने अडवू नये, हे तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतो. रुग्णालयात पोहोचताच त्याची विचारणा करावी.

जीव स्थिर झाला की मग डॉक्टरांना खरे सांगा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने धडक दिली, दवाखान्यात कोणी आणले, एवढे केसपेपरवर आलेच पाहिजे. मोठे हाड मोडले की लहान जखमांकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. हललेला दात, बधिर झालेले बोट, एका कानाने कमी येणारे ऐकू, अंधुक दिसणे हेही त्याच दिवशी सांगा. पहिल्या कागदात नसलेली जखम दोन महिन्यांनी सांगितली, तर ती या अपघातातली कशावरून, असा प्रश्न हमखास येतो.

आणखी एक माहिती. हाड किंवा दात मोडणे, सांधा निखळणे, डोळा वा कान निकामी होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे अथवा नेहमीची कामे न करता येणे, अशा जखमा कायद्याने 'जबर दुखापत' या वर्गात येतात. साधी की जबर, हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून ठरते. म्हणून एक्स-रे काढायला सांगितला तर टाळू नका.

पोलिसांचे कागद

अपघाताची खबर पोलिसांत द्यावी. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. घरातली सगळी माणसे रुग्णालयात धावत असल्यामुळे उशीर झाला, तर उशिराचे कारण सांगून फिर्याद द्यावी. नुसत्या उशिरामुळे दावा पडत नाही. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा आहे, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणे हेही पोलिसांचे काम आहे. तेव्हा नम्रपणे, पण न संकोचता, या अहवालांची विचारणा करावी.

अपघातात मृत्यू झाला तर शवविच्छेदन टाळू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या प्रसंगी ते नकोसे वाटते, हे मी जाणतो. पण महिनाभर उपचार घेऊन घरी आलेला रुग्ण दगावला आणि शवविच्छेदन झालेले नसेल, तर मृत्यू अपघातामुळेच झाला हे सिद्ध करणे मागे राहिलेल्यांना फार कठीण जाते.

टक्क्यांचा घोळ

आता माझ्या विषयाकडे वळतो. रुग्ण येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, टक्के जास्त टाका." अपंगत्वाचे टक्के म्हणजे भाजीचा भाव नव्हे. सांधा किती अंश वाकतो, स्नायूंत जोर किती, पाय किती आखूड झाला, यांच्या मोजमापावरून ते काढतात. पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की शरीराच्या अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के एकच नसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे फार सोप्या रीतीने समजावले आहे. डावा हात गमावलेला माणूस कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकवील, पण तोच सुतार किंवा चालक असेल तर त्याचा धंदाच संपतो. म्हणून न्यायाधिकरणाने पाहायचे ते असे, की हा माणूस पूर्वी काय काम करत होता, आता त्यातले काय करू शकतो आणि दुसरे कोणते काम करू शकेल.

म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रापाशी थांबू नका. 'उकिडवे बसता येत नाही', 'ओझे उचलता येत नाही', 'जिना चढता येत नाही', 'पकड राहिली नाही' असे तुमच्या कामाशी जोडलेले वर्णन तपासणीनंतर डॉक्टरांकडून लेखी घ्या. गरज पडल्यास डॉक्टरांना साक्षीला बोलावता येते, आणि बोलावले तर डॉक्टरांनी जायला हवे. हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो.

प्रमाणपत्राची घाई करू नये. हाड जुळून, व्यायाम होऊन, आता यापुढे फारसा फरक पडणार नाही अशी स्थिती आल्यावरच कायमचे अपंगत्व ठरवता येते. मात्र त्यासाठी दावा अडवून ठेवू नका; दावा आधी दाखल होतो, प्रमाणपत्र नंतर जोडता येते.

आणि एक कळकळीची सूचना. 'व्यायाम करू नकोस, गुडघा कडक राहिला तर टक्के वाढतील,' असा सल्ला देणारे शहाणे मला दरवर्षी भेटतात. असा सल्ला ऐकून एका चांगल्या चालत्या माणसाने खांदा कायमचा आखडून घेतलेला मी पाहिला आहे. भरपाईची रक्कम एकदा मिळते आणि खर्च होते, सांधा मात्र जन्मभर वापरायचा असतो. शिवाय सांगितलेला उपचार घेतला नाही, हे कागदांवरून दिसतेच.

हिशेब कसा होतो?

रक्कम कोणाच्या मर्जीवर ठरत नाही, तिचे एक गणित आहे. समजा, माझ्या त्या रुग्णासारखा ३२ वर्षांचा माणूस दुधाच्या धंद्यात खर्च वजा जाता महिन्याला १५ हजार रुपये मिळवतो. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. तो स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असल्यामुळे पुढे वाढणाऱ्या कमाईसाठी ४० टक्के धरले, तर २ लाख ५२ हजार होतात. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ साली वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. गुणाकार ४० लाख ३२ हजार. आता कमाईचे नुकसान २० टक्के धरले तर ८ लाख ६ हजार ४०० रुपये, आणि ४० टक्के धरले तर १६ लाख १२ हजार ८०० रुपये. काम कसे बंद पडले याचे नीट वर्णन असण्या-नसण्यात केवढा फरक पडतो, तो पाहा. उपचाराचा खर्च, बुडालेले दिवस, सोसलेल्या वेदना आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे यावर वेगळे. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी आहे, प्रत्येक प्रकरणाचा निर्णय पुराव्यावर होतो. पण शेजारी ते वीस हजार ठेवून पाहावे.

कमाईचा पुरावा म्हणून पगाराची पावतीच लागते असे नाही. दूध संस्थेचे पुस्तक, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचे पासबुक, मुकादमाची वही असे काहीही उपयोगी पडते. घरी राबणाऱ्या बाईची कमाई शून्य, असेही कोणी समजू नये. घरकामाला मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालच्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा ठामपणे सांगितले आहे.

गाडी पळून गेली तर?

गेल्या वर्षी शेतमजुरी करणाऱ्या एका मावशींना पहाटे रस्त्याच्या कडेने चालताना कोणत्या तरी वाहनाने उडवले आणि ते पळून गेले. मांडीचे हाड मोडले. त्यांची मुलगी बारावीपर्यंत शिकलेली. तिने त्याच दिवशी फिर्याद दिली आणि प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक बिल एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. न सापडलेल्या वाहनाच्या अपघातासाठी सरकारची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूसाठी २ लाख आणि जबर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहेत. अर्ज तहसीलदार वा प्रांत कार्यालयाकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. काही महिन्यांनी मावशींच्या खात्यात ५० हजार जमा झाले. रक्कम मोठी नव्हे, पण त्यांचे उसनवार फिटले. मुलीची ती पिशवी मी माझ्या कंपाउंडरला मुद्दाम दाखवली.

गाडी सापडली असेल तर कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी ५ लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. म्हणून जखम मोठी असेल, तर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा. स्वतःच घसरून किंवा झाडावर आदळून अपघात झाला, तर थर्ड पार्टी विमा उपयोगी नाही. त्यासाठी गाडीमालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. आपल्या पॉलिसीत तो आहे का, ते पाहून ठेवा.

वकील आणि दलाल

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण इतक्यांदा ऐकली आहे, की हक्काच्या पायरीवरूनही लोक मागे फिरतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात असते. अपघात जिथे घडला तिथे, किंवा आपण जिथे राहतो तिथेही दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण आपण सहा महिनेच धरून चालावे.

वकिलाला देण्यास पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. ही कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न ठेवता, आणि इतरांना ठराविक उत्पन्नाच्या आत, वकील विनामूल्य मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात 'केस आमच्याकडे द्या, मिळेल त्यात निम्मे तुमचे' म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्यापासून सावध राहा. वकिलांच्या व्यावसायिक नियमांनुसार भरपाईत टक्केवारीने वाटा ठरवून फी घेणे वर्ज्य आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका. आपल्या केसपेपरची प्रत मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि त्यात पुष्कळांचे भलेही होते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून उपचार संपला आहे का, पुढचे ऑपरेशन बाकी आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच आकडा मान्य करा.

लक्षात ठेवा

१. आधी उपचार, आणि डॉक्टरांना खरी हकीकत.
२. एम.एल.सी. झाली का, ते विचारा. सर्व जखमा त्याच दिवशी सांगा.
३. फिर्यादीची प्रत घ्या. गाडीचा क्रमांक, साक्षीदारांची नावे आणि जागेचे फोटो जपा.
४. केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड, येण्याजाण्याच्या पावत्या हे सर्व एका पिशवीत ठेवा.
५. रस्त्यावर किंवा पारावर तडजोड करू नका.
६. व्यायाम सोडू नका. झोप न लागणे, गाडीची भीती, सतत उदास वाटणे हेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.
७. सहा महिन्यांच्या आत वकिलाला भेटा.

आता माझ्याकडे कोणी 'घसरून पडला म्हणून लिहा' म्हणाले, तर मी त्यांना समोर बसवून हे सगळे सांगतो. काही रागावतात, एक-दोघे दुसऱ्या दवाखान्यात निघूनही गेले. पण बहुतेकांना पटते, आणि कागद खराच लिहिला जातो.

तो तरुण आता संकलन केंद्रावर खुर्चीत बसून फॅट मोजतो. पगार पूर्वीच्या कमाईच्या निम्मा. परवा पायाची तपासणी करायला आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझी हकीकत पेपरात लिहू का?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नाव घालू नका साहेब. पण लिहा. दुसऱ्याच्या म्हशी तरी राहतील."